वाढत्या अंगाचा स्की बूट नको

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची आपली रीत स्की शर्यतीत उतरणाऱ्या मुलाच्या बुटाला लावू नये. उतारावर मुलाची हालचाल स्कीपर्यंत पोहोचते ती नडगी आणि तळपायातूनच. बूट सैल असेल तर आधी पाय बुटात हलतो, मग स्की वळते आणि तोवर गेट, म्हणजे जिथून वळायचं ती खांबांची खूण, मागे पडलेलं असतं.

स्कीची कड सरळ नसते. स्की दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद असते. ही वक्र कड पुढे वाढवून वर्तुळ पूर्ण केलं, तर त्याची त्रिज्या ही त्या स्कीची त्रिज्या. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांत जायंट स्लालम या गेटांमधून वळत जाण्याच्या शर्यतीसाठी मोठ्यांच्या स्कीची त्रिज्या किमान 30 मीटर असावी लागते, 16 वर्षांखालच्या गटात किमान 17 मीटर. स्की कडेवर कलली की वळण आणखी आखूड होतं. 17 मीटरची स्की 60 अंशांत कलवली तर वळणाची त्रिज्या साडेआठ मीटरच्या आसपास येते. मात्र त्यासाठी स्की वाकून तिचा मधला भाग बर्फाला टेकावा लागतो आणि तिला वाकवतो मुलाचा भार. तो वजनाबरोबर आणि वेगाबरोबर वाढतो.

इथेच पालक फसतात. स्कीसारख्या पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे जाडी 10 टक्क्यांनी वाढली तरी ताठपणा सुमारे 33 टक्क्यांनी वाढतो. दिसायला सारख्याच दोन स्कींपैकी एक 40 किलोच्या मुलाला वाकतच नाही. मग मूल कडेवर वळण्याऐवजी घसरत जातं आणि आपण त्याच्या तंत्राला दोष देतो. माझ्या मते थोराची, ताठ स्की लवकर देणं हा मुलावर अन्याय आहे. आधी वजन बघा, लांबी नंतर.

बुटाचा ताठपणा सांगणाऱ्या 70, 90, 110 अशा आकड्यांना सर्व कंपन्यांत मिळून एक मोजमाप नाही, त्यामुळे ते आकडे पाहून दोन कंपन्यांचे बूट तोलू नका. शिवाय उबदार दुकानात सहज वाकणारं प्लॅस्टिक गुलमर्गच्या उणे 10 अंशांत बरंच कडक होतं. बूट घालून घोटा वाकवायला सांगा. दुकानातच जोर लावावा लागत असेल, तर तो बूट नको. माप बघण्यासाठी आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय ठेवा. बोटं पुढे टेकल्यावर टाचेमागे बोटभर जागा पुरे.

हेल्मेटही आजच्या डोक्याच्या मापाचंच हवं. जोराचा मार बसला की आतला फोम दबतो, मग ते बाहेरून धड दिसलं तरी बदलावं.

पडल्यावर स्कीवरून बूट सोडवणाऱ्या बाइंडिंगचा आकडा, म्हणजे किती जोर आला की बूट सुटावा याचं माप, वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो. बूट लांब तर पिळाची तरफही लांब, म्हणून नवे बूट आले की जुना आकडा चुकतो. वाढत्या मुलाचं वजन तर हंगामाच्या मध्यातही बदलतं, तेव्हा बाइंडिंग जाणकार तंत्रज्ञाकडून पुन्हा लावून घ्या. शेजारच्या मुलाचा आकडा बघून स्वतः स्क्रू फिरवू नका.