बाह्यरुग्ण विभागातील प्रतीक्षाव्यवस्था

रुग्णालयात दाखल न होता तपासणीसाठी आलेल्या रुग्णाचा, नोंदणीपासून डॉक्टरांच्या खोलीत जाईपर्यंतचा वेळ कमी आणि सुसह्य व्हावा म्हणून वेळापत्रक, बैठक व फलक यांची एकत्रित आखणी करण्याची पद्धत. खुर्च्या आणि रंगरंगोटी हा तिचा शेवटचा भाग. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णालये तिथूनच सुरुवात करतात.

वेळापत्रक : सगळ्यांना सकाळी ९ वाजता बोलावले की डॉक्टर एक मिनिटही रिकामे राहत नाहीत आणि शेवटच्या रुग्णाची सकाळ जाते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये मांडलेला तोडगा आजही वापरात आहे : सुरुवातीला दोन रुग्ण बोलवावेत, पुढे सरासरी तपासणीकाळाच्या अंतराने एकेक. डॉक्टर वेळेवर बसतील, हे यात गृहीत आहे. ते अर्धा तास उशिरा आले, की तो अर्धा तास सत्र संपेपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला येत राहतो. म्हणून सत्राच्या मधे एखाददुसरी वेळ मुद्दाम मोकळी ठेवतात. ती चैन नव्हे. रुग्णांचे येणे आणि तपासणीचा वेळ दोन्ही अनियमित असतील, तर एका डॉक्टरच्या साध्या गणिती प्रतिमानात डॉक्टर ८० टक्के वेळ व्यग्र असताना सरासरी प्रतीक्षा तपासणीकाळाच्या चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट.

जागेचा हिशेब : अमेरिकी गणनतज्ज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाने तो निघतो : थांबलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी प्रतीक्षा. तासाला ३० रुग्ण आणि सरासरी ४० मिनिटांची प्रतीक्षा असेल, तर एका वेळी २० रुग्ण थांबलेले असतात. प्रत्येकासोबत एक नातेवाईक धरून ४०, ऐन गर्दीसाठी चौथा हिस्सा वाढवून ५० खुर्च्या.

क्रमांक व फलक : किती वेळ लागेल हे माहीत नसले, उशिराचे कारण कळले नाही किंवा मागून आलेला आधी आत गेला, की तेवढाच वेळ जास्त वाटतो, असे व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये नोंदवले. ओपीडीतील बरीचशी भांडणे तिसऱ्या कारणावरून होतात. नवीन रुग्ण, फेरतपासणीचे रुग्ण आणि रिपोर्ट दाखवायला आलेले यांची टोकने एकाच मालिकेत असली, की २४ क्रमांकाच्या डोळ्यांदेखत ३१ आत जातो. त्यासाठी प्रत्येक प्रकाराला वेगळे अक्षर (न-२४, फ-०७) द्यावे आणि आळीपाळीचा नियम फलकावर लिहावा. ‘हाक चुकल्यास पुढच्या दोघांनंतर घेतले जाईल’ एवढी एक ओळ असली, तर माणूस निर्धास्तपणे स्वच्छतागृहात जातो. दहा मीटरवरून वाचायचे अंक निदान ५० मिमी उंचीचे हवेत. अंदाजे वेळ सांगताना ‘३० ते ४५ मिनिटे’ अशी आणि किंचित सढळ सांगावी. ‘थोडा वेळ लागेल’ याला अर्थ नाही. टीव्ही मात्र आवाज बंद ठेवून लावावा, नाहीतर नंबर पुकारलेला ऐकू येत नाही.

बैठक : खुर्च्यांची पाठ दाराकडे असेल, तर लोक त्या रिकाम्या सोडून दारातच उभे राहतात. बसल्या जागेवरून दार आणि फलक दोन्ही दिसले पाहिजेत. खोलीबाहेर पुढच्या दोन-तीन रुग्णांपुरत्याच खुर्च्या ठेवाव्यात. जास्त ठेवल्या की तिथे दुसरी रांग तयार होते. आसनाची उंची सुमारे ४५० मिमी असावी. काही खुर्च्यांना हात हवेतच, कारण गुडघेदुखीच्या रुग्णाला त्यांच्याशिवाय उठता येत नाही. चाकाच्या खुर्चीला वळायला १५०० मिमी व्यासाची मोकळी जागा लागते, आणि ती बैठकीच्या रांगेतच हवी, वाटेत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत नैसर्गिक वायुवीजनासाठी बाह्यरुग्ण विभागात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा सुचवली आहे. खोकणाऱ्या रुग्णांची बैठक खिडकीजवळ आणि वेगळी असावी.

मोजमाप : आगमन, हाक आणि बाहेर पडणे या तीन वेळा टोकनावरच नोंदवतात. नुसती सरासरी पाहू नये, कारण तिच्यात दोन तास थांबलेले रुग्ण लपतात. दहातल्या नऊ जणांना किती वेळात आत घेतले, हा आकडा अधिक उपयोगी पडतो.