ऑटिझम, शाळा आणि भीती: हे सगळं आलं कुठून

ऑटिस्टिक (स्वमग्न) मूल वर्गात कानावर हात ठेवून ओरडायला लागलं की पहिला शेरा आजही "हट्टी आहे" हाच पडतो. पण यामागे भीती असते हे १९४३ सालीच लिहून ठेवलंय. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांवर पेपर लिहिला, त्यात एक जॉन आहे, घर बदलताना हमालांनी खोलीतला गालिचा गुंडाळायला घेतला तसा तो पार कासावीस झाला आणि नव्या घरात फर्निचर पहिल्यासारखंच लावलेलं दिसलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला, मग एकेक वस्तू प्रेमाने थोपटत फिरला.

त्यांचा पहिला पेशंट डोनाल्ड मिसिसिपीत काही वर्षं एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजायचं वेड, तर त्यांनी त्याला नांगरताना मक्याच्या ओळी मोजायला लावल्या. गावच्या शाळेनेही त्याचं वागणं चालवून घेतलं आणि पोरगा अभ्यासात पुढे गेला. म्हणजे अशा मुलाला शाळेत कसं सांभाळायचं याचं उत्तर तेव्हाच समोर होतं की!

पण पुढची वीसेक वर्षं दोष आईवडिलांवर गेला, विशेषतः आईवर, ती म्हणे मायेला थंड. यात कॅनर यांचाही हात होता आणि शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइमने तर हे मत सगळीकडे पसरवलं. १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँडने, जो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, ते खोडून काढलं.

शाळेसाठी खरं काम केलं मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलरने, १९७२ पासून अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात राज्यभर चाललेल्या 'टीच' (TEACCH) या ऑटिस्टिक मुलांसाठीच्या प्रोग्राममधून. दिवसाचा क्रम चित्रांत लावायचा, कामाची जागा ठरलेली, पुढे काय होणार ते मुलाला आधी कळलं पाहिजे. आज स्पेशल एज्युकेटर (अशा मुलांना शिकवणारे खास शिक्षक) जे व्हिज्युअल शेड्यूल, म्हणजे चित्रांचं वेळापत्रक, लावायला सांगतात ते बरंचसं इथूनच आलंय. अँग्झायटीचा वेगळा हिशोब मात्र फार उशिरा झाला, २०११ मध्ये ३१ अभ्यास एकत्र करून पाहिले तर जवळपास ४० टक्के ऑटिस्टिक मुलांना एकतरी अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे भीती-चिंतेचा आजार, निघाला.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला आणि २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाच्या २१ प्रकारांत बसला, त्यात शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची हेही आहे. तरी शॅडो टीचरचा (वर्गात मुलाच्या सोबत बसून मदत करणाऱ्या शिक्षकाचा) खर्च बहुतेक घरी आईबाबाच उचलतात, आणि गॅदरिंगच्या तालमीसाठी तास रद्द झाले तर ते आदल्या दिवशी त्या मुलाला कुणी सांगत नाही.