दिल्ली ते काठमांडू : अंतर एक, वेळा दोन

डिसेंबरात आत्या पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघाली होती. पुण्याहून दिल्ली, तिथे विमान बदलून काठमांडू. कोथरूडच्या घरी तिकिटांच्या प्रिंट पसरून ती हिशोब करत बसलेली. "अरे, दिल्लीहून दहाला निघतं ते अकरा पन्नासला पोचतं. येताना दोनला निघून तीन चाळीसला दिल्ली. म्हणजे येताना दहा मिनिटं कमी. असं कसं?"

खरं तर येतानाच जास्त वेळ लागतो. तिकिटावर दोन देशांची घड्याळं छापलेली असतात. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरची. नेपाळने १९८६ पासून धरलेला रेखांश ८६.२५ अंशांचा, गौरीशंकर शिखराजवळून जाणारा. फरक पावणेचार अंशांचा, आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. झाली १५ मिनिटं. ती जाताना वजा करायची, येताना मिळवायची. मग जायला एक तास ३५ मिनिटं, यायला एक तास ५५.

ही २० मिनिटं मुख्यतः वाऱ्याची. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहत असतो. ताशी १५० किलोमीटर वेग त्याला नवा नाही. विमानाचा वेग असतो तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत. हवाच सरकत असली की विमान तिच्यासोबत सरकतं. ताशी ८०० ने उडणारं विमान जाताना जमिनीवरून ९५० ने पुढे जातं आणि येताना ६५० ने. नदीत पोहलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात हा पट्टा हिमालयापलीकडे सरकतो आणि दोन्ही वेळा बऱ्याच जवळ येतात. हे वारे मोजायला हवामान खातं आजही फुगे सोडतं, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. पुण्यातल्या हवामान खात्याच्या इमारतीवरून, म्हणजे आपल्या शिमला ऑफिसवरून जाताना मला हटकून त्या फुग्यांची आठवण येते.

अंतराचं म्हणाल, तर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की दिल्ली-काठमांडू सुमारे ८१५ किलोमीटर भरतं. पुणे-काठमांडू सरळ रेषेत १,५५० च्या आसपास. दिल्लीमार्गे गेलं की १,९७० होतं.

पण ८१५ किलोमीटरला ताशी ९५० ने तासभरही लागू नये! उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्यात आणि उतरण्यात जातो. त्यातून काठमांडूचं उतरणं अवघड. विमानतळच १,३३८ मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. एरवी विमान तीन अंशांच्या उताराने खाली येतं, इथे दक्षिणेकडून येताना पाच अंशांहून जास्त. धावपट्टी एकच. सकाळी दरीत धुकं साचलं की विमानं दक्षिणेला सिमराच्या बाजूला आकाशात घिरट्या घालत रांगेत थांबतात. वैमानिक घाई करत नाहीत, आणि ते अगदी योग्य आहे.

आत्याने मनगटावरचं घड्याळ मुद्दाम भारतीय वेळेवरच ठेवलं. परत आल्यावर तिने तिकिटाची मागची बाजू दाखवली. पेन्सिलीने लिहिलं होतं : 'जाताना २ तास १० मि. पैकी ३५ मि. गोल गोल. तोच डोंगर चार वेळा दिसला.'