पांदणीवरची स्प्रिंग

"मास्तर, याले कॅरिअर काहून नाही?"

सायकल घरी आणली त्या संध्याकाळी ओट्यावरून आलेला हा पहिला प्रश्न. पोरासाठी घेतली होती. पुढे एक शॉकअप, मधोमध एक शॉकअप, जाड टायर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत गावातल्या माणसाला झेपेल अशी. पोरगा वर्षभरात शिकायला अमरावतीला गेला, सायकल माझ्या वाट्याला आली. आता तिच्यावर मी वावरात जातो. चार किलोमीटर, त्यातली अडीच पांदण.

कॅरिअरचा प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो पहिल्या नंबरचा आहे. साध्या सायकलीत मागचं चाक फ्रेमला पक्कं बसवलेलं असतं. या सायकलीत मागचं चाक ज्या दांड्यांत असतं तो भाग, म्हणजे स्विंगआर्म, एका खिळीवर वर-खाली हलतो आणि मधला शॉकअप त्याला सावरतो. स्प्रिंगच्या वर तुम्ही, फ्रेम आणि सीट. स्प्रिंगच्या खाली चाक, टायर, गिअर. दगड आला की खालचं वजन उडतं आणि वरचं जागेवर राहतं, हा सगळा खेळ. खालचं वजन जितकं हलकं तितकं ते चटकन उडून चटकन परत जमिनीला टेकतं. आता स्विंगआर्मवर कॅरिअर ठोकून त्यावर गुरांच्या ढेपीचं पोतं ठेवलं, तर ते पोतंही 'खालचं' झालं. चाक जड झालं, जमिनीवर आपटत चाललं आणि पोत्याला तर स्प्रिंगचा काहीच फायदा नाही. म्हणून कॅरिअर नाही. हे मी ओट्यावर समजावलं. "मंग ढेप कशी आणता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. (कैची मारायलाही फ्रेममध्ये जागा नाही. शेजारच्या नातवाने दोनदा प्रयत्न करून पाहिला.)

स्प्रिंगवर ७५० असा आकडा छापलेला आहे. दुकानात कोणी त्याचा अर्थ सांगत नाही. तो पाउंड प्रति इंच आहे. ही स्प्रिंग एक इंच दाबायला ७५० पाउंड, म्हणजे सुमारे ३४० किलोचा भार लागतो. आकडा भयंकर वाटतो, पण मध्ये तरफ आहे. माझ्या सायकलीत चाक दोन सेंटीमीटर उचललं की शॉकअप एक सेंटीमीटर दबतो. शॉकअपचं दबणं निम्मं आणि चाकावरचा जोरही निम्मा, म्हणून चाकाजवळ स्प्रिंग एक चतुर्थांश कडक भासते. हिशेब केला तर चाक एक सेंटीमीटर वर जायला साधारण ३३ किलो लागतात.

माझं वजन ६० किलो. सायकलीचा भार धरून मागच्या चाकावर साधारण ४० किलो येतात. म्हणजे मी बसलो की मागचा भाग सव्वा सेंटीमीटरही खचत नाही. मोजलंसुद्धा: शॉकअपच्या दांडीला दोरा बांधला, अलगद बसलो, अलगद उतरलो, दोरा किती सरकला ते पट्टीने पाहिलं आणि दुप्पट केलं. चाकाची एकूण हालचाल १० सेंटीमीटर असेल, तर नुसतं बसल्यावर त्यातली अडीच ते तीन सेंटीमीटर वापरली जावीत असा सायकलवाल्यांचा ठोकताळा आहे. खाचखळग्यात चाक खाली जायला जागा हवी, त्यासाठी ती राखून ठेवायची. माझ्याकडे ती जवळजवळ नाहीच. ही स्प्रिंग माझ्यासारख्या काटक माणसाचा विचार करून वळलेली नाही.

शॉकअपवर एक गोल चकती असते, ती फिरवून स्प्रिंग 'टाइट' करतात. जो तो ती फिरवून पाहतो. तिने स्प्रिंग कडक किंवा नरम होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा घेर आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. त्यात जाडीचा जोर सर्वांत मोठा, कारण ती चौथ्या घाताने लागते: तार दहा टक्के जाड झाली की स्प्रिंग जवळपास दीडपट कडक. चकती फक्त आधीच थोडं दाबून ठेवते, त्यामुळे तुम्ही बसल्यावर खचता कमी. मी ती पूर्ण सैल केली. फरक पडला, पण स्प्रिंग तीच राहिली.

खरी उणीव मात्र कडकपणाची नाही. सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन एकदम सोडून पाहा. मोटरसायकल दबते, वर येते आणि थांबते. माझी सायकल दबते, वर येते, पुन्हा दबते, पुन्हा वर येते. मोटरसायकलच्या शॉकअपमध्ये तेल असतं, ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा तेलाच्या उष्णतेत विरते. बँकेचं काचेचं दार धाडकन न आपटता सावकाश मिटतं ते याच युक्तीने. स्प्रिंग ऊर्जा विरवत नाही, ती उधार घेते आणि लगेच परत करते. स्वस्त सायकलीच्या शॉकअपमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग आणि दांडी असते, तेल नसतं. महाग सायकल महाग का, याचं निम्मं उत्तर या तेलात आहे. १९८९ साली रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा पुढचा शॉकअप बाजारात आला. मोटरसायकलची ही कल्पना डोंगरी सायकलींत रुळली ती त्यानंतर.

बिनतेलाच्या स्प्रिंगची एक खोड पांदणीवर कळते. सव्वा सेंटीमीटर खचणारी स्प्रिंग मोकळी सोडली तर सेकंदाला साधारण साडेचार वेळा हेलकावते. आमच्या पांदणीवर ट्रॅक्टरने एका ठिकाणी पत्र्यासारख्या लाटा पाडल्या आहेत, एकेक लाट सुमारे ६० सेंटीमीटरवर. तासाला १० किलोमीटर वेगाने गेलो की सेकंदाला साडेचार लाटा लागतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं होतं, प्रत्येक लाट आधीच्या उसळीत भर घालते. पहिल्यांदा डबा उडून तुरीत पडला. आता तिथे मी एक तर उतरतो किंवा जोरात काढतो. बंडीला स्प्रिंगच नसते, तिला हा आजार होत नाही. तिचे आजार वेगळे.

उभं राहून पायडल मारलं तरी मागचा भाग डुलतो. प्रत्येक पायाच्या जोराबरोबर थोडी ताकद स्प्रिंगमध्ये जाते. ती परत येते खरी, पण चाक पुढे ढकलायला नाही, ती मलाच वर ढकलते. "मास्तर, सायकल चालते का नाचते जी?" हा प्रश्न तिथला.

मग आराम येतो कुठून? टायरमधून. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, ते मुलाच्या तीनचाकीला खडबडीत रस्त्यावर बसणारे धक्के पाहून. खडा आला की टायरचा तेवढाच भाग आत जातो, अख्खं चाक उचलावं लागत नाही. पंक्चरवाला सवयीने ६० पाउंड हवा भरतो. ४० किलो भाराला तेव्हा टायर जमिनीला अर्ध्या काडेपेटीएवढा टेकतो. ३० पाउंड ठेवली की पूर्ण काडेपेटीएवढा. या एका बदलाने माझ्या कमरेला जे सुख दिलं ते मधल्या शॉकअपने दिलेलं नाही. त्याखाली जाऊ नये. दगडावर ट्यूब रिमला चेपून दोन समांतर चिरा पडतात. बाभळीचा काटा तर किती पाउंड हे विचारत नाही.

पावसाळ्यात सगळा हिशेब काळ्या मातीच्या हाती जातो. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर. त्याचे थर इतके पातळ आणि आपसांत इतके सैल धरलेले की पाणी त्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की हात जाईल अशा भेगा पडतात. स्वीडनच्या अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास मातीच्या अवस्थांच्या सीमा ठरवल्या: किती पाण्याला ती भुरभुरते, किती पाण्याला मळता येते, किती पाण्याला वाहू लागते. सायकलीला मधली अवस्था मारते. भर पावसात चिखल पातळ असतो, चाकावरून ओघळतो. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी तो मळलेल्या कणकेसारखा होतो, आणि स्विंगआर्मच्या खिळीजवळ टायरला जेमतेम बोटभर जागा असते. शंभर पावलांत चाक जाम. मी हँडलला तुराटीची एक काडी बांधून ठेवली आहे, थांबून त्या फटीतून माती खरवडायला. लोखंडी काही वापरलं तर टायर कापतो, तुराटी बरोबर मोडते आणि नवी धुऱ्यावर मिळतेच.

तीच माती वाळून खिळीच्या नायलॉन बुशमध्ये, म्हणजे खिळीभोवतीच्या नळीत, शिरते आणि पॉलिश पेपरचं काम करते. दुसऱ्या दिवाळीपर्यंत मागचं चाक डावी-उजवीकडे डुलू लागलं होतं. गावच्या मिस्त्रीने लेथवर पितळी बुश करवून आणला. तेव्हापासून आवाज नाही.

याच पैशात नवी सायकल घ्यायची असेल, तर मी मागे शॉकअप नसलेली, जाड टायरची घ्या म्हणेन. पण शेजारचे भाऊ माझं ऐकत नाहीत. त्यांचं वजन शंभराच्या घरात. ते बसले की मागच्या चाकावर ६२-६३ किलो येतात, सायकल जवळपास दोन सेंटीमीटर खचते, हेलकावे सावकाश होतात, आणि लाटांची ती जागा ते माझ्यासारखी उसळ्या न खाता काढतात.

"याच्यावर तं झोप लागते मास्तर," ते म्हणाले. रविवारी सायकल त्यांच्याकडे असते. त्या दिवशी मी त्यांची जुनी काळी सायकल घेऊन ढेप आणतो. तिला कॅरिअर आहे.