उकाड्यात तान्ह्या बाळाला वरचं पाणी लागतं का?

‘उन्हाळ्यात अंगावरच्या दुधाने बाळाची तहान भागत नाही, म्हणून अधूनमधून चमचाभर पाणी पाजा,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो मायेपोटीच दिला जातो. पण पहिले सहा महिने बाळाला वरचं पाणी लागत नाही, कडक उन्हाळ्यातही नाही.

आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, त्यामुळे तहान दुधानेच भागते. उलट बाळाचं पोट इवलंसं. ते पाण्याने भरलं की बाळ कमी दूध ओढतं आणि तेवढं पोषण बुडतं. बाळ कमी ओढू लागलं की आईचं दूधही हळूहळू कमी होतं. पाणी किंवा चमचा अस्वच्छ असेल, तर जुलाबाचा धोका वेगळाच.

खात्री घरीच करता येते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर फक्त अंगावर पिणारं बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिक्या रंगाची लघवी करत असेल, तर त्याला पुरेसं पाणी मिळतंय. उकाड्यात ते जास्त वेळा दूध मागेल, तेव्हा पाजावं. आईने मात्र भरपूर पाणी प्यावं. लघवी कमी किंवा गडद झाली, बाळ मलूल वाटलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.