मनी प्लांट मराठवाड्यातल्या घरांत कसा रुळला: पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत झाडाला उंबऱ्याच्या आत जागा नसे. तुळस चौकातल्या वृंदावनात असायची, कढीपत्ता, जास्वंद आणि मोगरा न्हाणीच्या सांडपाण्यावर परसात वाढायचे, आणि आतली जागा माणसांची, धान्याच्या कणग्यांची व देवघराची असायची. दगडमातीच्या जाड भिंती, तुळया-फळ्यांवर पांढऱ्या मातीचे माळवद आणि उजेडापुरता एखादा झरोका, अशी ती बांधणी उन्हाळ्यात घर गार ठेवण्यासाठीच होती. त्या गारव्याबरोबर येणाऱ्या अंधारात कुंडीतले झाड फार दिवस तग धरणे शक्य नव्हते.

उष्ण कटिबंधातली शोभेची पानझाडे घरात वाढवण्याची चाल मुळात थंड युरोपातली आहे आणि तिच्या प्रसारात एका बंद बाटलीचा मोठा वाटा आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना नेच्यांची (फर्नची) हौस होती, पण शहरातल्या कोळशाच्या धुरात त्यांचे नेचे जगत नसत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा एक कोश ओल्या मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला असता त्या मातीत कोणी न लावता नेचा आणि गवत उगवले, कारण दिवसा निघालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीतच उतरत होती आणि धूर आत येत नव्हता. त्यावरून वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेट्या करवून घेतल्या आणि १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीला पाठवल्या. तोवर दूरदेशीची बहुतेक रोपे खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे वाटेतच मरत असत. या पेट्यांतली बहुतेक सुखरूप पोहोचली. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे भारतात आणली तीही अशाच पेट्यांतून. पेटीचे खरे काम ओल धरून ठेवण्याचे होते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा २५ टक्क्यांच्या खाली जाते अशा मराठवाड्यात घरातल्या झाडांचे घोडे अडते तेही तिथेच.

मनी प्लांटचे मूळ घर प्रशांत महासागरात, ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर आहे. १८८० मध्ये बेल्जियममधील लिंडेन आणि आंद्रे यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, परंतु नंतरही बराच काळ तो सोलोमन बेटांचाच समजला जाई. वर्गीकरणातही तो पोथॉस, सिंडॅप्सस, ऱ्हाफिडोफोरा अशा एकेका प्रजातीत फिरत राहिला, कारण फूल पाहिल्याशिवाय जागा पक्की करणे अवघड आणि लागवडीतला हा वेल फुलतच नव्हता. १९६२ मध्ये एकदा फूल मिळाले आणि १९६४ मध्ये तो एपिप्रेम्नम या प्रजातीत स्थिरावला. न फुलण्यामागचे कारण २०१६ मध्ये संशोधकांनी मांडले: जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्यासाठी लागणारे एक जनुक या वेलात नीट काम करत नाही, आणि ते संप्रेरक बाहेरून फवारल्यास त्याला फुले येतात.

बियांची वाट अशी बंद असल्यामुळे त्याचा सगळा प्रसार पेर असलेल्या काडीने, म्हणजे हातोहात झाला आहे. मनी प्लांट चोरून आणला तरच लाभतो हा आपल्याकडचा समज कुठून आला असेल तो असो, पण वेलाच्या दृष्टीने तो फार सोयीचा ठरला, एवढे मात्र खरे.

मराठवाड्यात हा वेल घरात शिरला तो घरेच बदलल्यामुळे. सत्तरच्या दशकापासून आजच्या छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची घरे माणसांवर कोसळली, आणि लातूर-धाराशिव भागात माळवदाखाली झोपण्याची भीती बसली. स्लॅबची घरे तापतात ही तक्रार खरी आहे, मात्र त्यांना मोठ्या काचेच्या खिडक्या आल्या, आणि खिडकीबरोबर पानाला लागणारा उजेड आला. पहिल्या पिढीतला मनी प्लांट बहुधा रिकाम्या बाटलीत, दूरचित्रवाणी संचाशेजारी किंवा फ्रिजवर असे. माती नको, कुंडी नको, आठवड्याला पेलाभर पाणी पुरे, ही त्याची अट दुष्काळी भागाला मानवणारी होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा उन्हाळ्यात माणसाच्या वाट्याचे पाणी न मागणारे झाडच घरात राहू शकते.

अडचण सुरू होते ती बाटलीतून कुंडीत नेताना. शेतातली काळी कसदार माती कापसाला किंवा ज्वारीला सोन्यासारखी असली तरी कुंडीत ती घात करते. ओली झाली की ती फुगून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून बोटभर सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या छिद्राबाहेर जाते, ताटली भरते, आणि मधला ढेकूळ कोरडाच राहतो. पाने मलूल दिसली म्हणून आणखी पाणी घातले जाते, आणि अखेर माती भिजून बसते तेव्हा मुळे सडू लागतात. माझ्या मते इथली बहुतेक पानझाडे उन्हाने नव्हे, या चक्रात मरतात. म्हणून काळी माती कमीत कमी घेऊन तिच्यात कोकोपीट, जाड वाळू आणि गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे, आणि बोटाच्या दोन पेरांइतकी वरची माती कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये.

पाण्याचा दुसरा दोष त्याच्या जडपणात आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीच्या काठावर पांढऱ्या थराच्या रूपाने दिसू लागतात, आणि चुनखडीमुळे लोह मुळांना मिळेनासे झाले की कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची काटकसर चांगली वाटते, परंतु त्यात क्षार मूळ पाण्याहून अधिक साठलेले असतात. कूलरच्या टाकीतल्या उरलेल्या पाण्याचेही तसेच. कूलरची दमट हवा मात्र या वेलाला मानवते. फक्त कुंडी झोतासमोर नसावी. पावसाळ्यात गच्चीवरून धरलेले पाणी सर्वांत उत्तम.

उजेडाबाबत थोडक्यात सांगायचे तर पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी चांगली; पश्चिमेच्या काचेतून येणारे वैशाखातले ऊन पान भाजून काढते आणि फार अंधारात पानावरचे पिवळे पट्टे नाहीसे होतात. परभणीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा रात्री कुंडी उघड्या खिडकीपासून दूर सरकवावी. मोरेआच्या जंगलात हा वेल झाडावर चढतो आणि त्याची पाने हातभर मोठी होतात, तेव्हा मोठे पान हवे असल्यास त्याला काथ्याच्या खांबाचा आधार द्यावा, पण तो खांब रोज भिजवावा. आपल्या हवेत तो दुपारपर्यंत कोरडा पडतो आणि हवाई मुळे त्याला धरत नाहीत. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे रांगत्या मुलाच्या हाती लोंबती वेल लागू देऊ नये.

हवा शुद्ध करणारे झाड म्हणून अलीकडे त्याची जी विक्री होते तिच्या मुळाशी १९८९ चा नासाचा अभ्यास आहे. ते प्रयोग लहान बंद कक्षांत झाले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला, तेव्हा नेहमीच्या वायुविजनाइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील असा हिशेब निघाला. त्यासाठी झाड घेण्यात अर्थ नाही.

आज आपल्या बाजारात येणारी बरीच रोपे आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात. ते गावही गोदावरीच्याच काठचे, पण पैठण-नांदेडची गोदावरी आणि समुद्राजवळ पोहोचलेली गोदावरी यांच्या हवेत फार अंतर आहे. हिरव्या जाळीखालच्या दमट सावलीत वाढलेले रोप मार्च-एप्रिलमध्ये इथे उतरले, तर पहिल्या काही आठवड्यांत ते पाने गाळते. पावसाने जोर धरल्यावर, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, रोप घ्यावे, आणि नवे पान फुटेपर्यंत त्याची पिशवी बदलू नये.