बझकॉक्स: रेकॉर्ड आणि वारसा

बझकॉक्स हा इंग्लंडचा पंक रॉक बँड. १९७६ मधे बोल्टनच्या कॉलेजात शिकणाऱ्या पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटो यांनी काढला, पण नाव झालं ते मँचेस्टरचा बँड म्हणून. दोघं लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडला ऐकायला गेले, झपाटून परत आले आणि ४ जून १९७६ ला त्याच बँडला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमधे बोलावलं, खरं तर त्या दिवशी यांनाही वाजवायचं होतं पण बँडची तयारीच नव्हती. २० जुलैला पिस्टल्स परत आले तेव्हा मात्र हेही वाजले, स्टीव्ह डिगल बेसवर आणि जॉन माहर ड्रम्सवर.

यांची सगळ्यात महत्त्वाची रेकॉर्ड म्हणजे पहिलीच, 'स्पायरल स्क्रॅच', चार गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड. कुठली कंपनी दारात येईल याची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता, मग मित्रांकडून आणि शेलीच्या वडलांकडून साधारण ५०० पाउंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ ला मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत चारही गाणी उरकली आणि न्यू हॉर्मोन्स नावाचं स्वतःचंच लेबल (रेकॉर्ड कंपनी) काढून जानेवारी १९७७ मधे १००० प्रती छापल्या. त्या संपल्या, परत छापल्या, असं करत आकडा १६,००० वर गेला. प्रोड्यूसर होता मार्टिन हॅनेट, जो पुढे जॉय डिव्हिजन या बँडच्या रेकॉर्डमुळे गाजला. कव्हरवरचा फोटो मॅनेजर रिचर्ड बूनने पोलरॉइडवर काढलेला, आणि मागच्या बाजूला कुठलं गाणं कितव्या टेकला (कितव्यांदा वाजवताना) झालं तेही छापलेलं: 'ब्रेकडाउन' तिसरा टेक, नंतर वरून काही वाजवून जोडलेलं नाही. म्हणजे बघा, आम्ही केलं ते असं केलं, तुम्हीपण करा. 'बोरडम' मधला गिटार सोलो तर दोनच सुरांचा, तेच दोन सूर ६६ वेळा, ऐकताना आधी वाटतं रेकॉर्ड अडकली की काय, मग हसू येतं, कारण कंटाळ्यावरच्या गाण्यात दुसरं वाजवणार तरी काय. १९८३ मधे ऑरेंज ज्यूस या बँडने 'रिप इट अप' या गाण्यात हाच सोलो मुद्दाम उचलला.

ईपी बाहेर पडते न पडते तोच डिव्होटो बँड सोडून गेला आणि त्याने मॅगझीन नावाचा दुसरा बँड काढला. मग शेली गायला लागला, डिगल गिटारवर आला. १९७७ मधे युनायटेड आर्टिस्ट्स या रेकॉर्ड कंपनीने घेतलं आणि पहिलं सिंगल 'ऑर्गॅझम अ‍ॅडिक्ट' बीबीसीने वाजवलंच नाही. त्याचं कव्हर म्हणजे लिंडर स्टर्लिंगचं कोलाज, डोक्याच्या जागी इस्त्री लावलेली उघडी बाई. १९७८ मधे 'अनदर म्यूझिक इन अ डिफरंट किचन' आणि 'लव्ह बाइट्स', १९७९ मधे 'अ डिफरंट काइंड ऑफ टेन्शन', तिन्ही अल्बम मार्टिन रशंटने प्रोड्यूस केलेले. पण माझ्या मते बझकॉक्स हा अल्बमपेक्षा सिंगल्सचाच बँड. 'सिंगल्स गोइंग स्टेडी' या संग्रहात आठ सिंगल्स आहेत, एका बाजूला सगळ्या ए-साइड (सिंगलचं मुख्य गाणं), दुसऱ्या बाजूला सगळ्या बी-साइड (मागचं गाणं), नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी.

बाकीचे पंकवाले राणी, सरकार, बेकारी यांच्यावर ओरडत होते तेव्हा शेली प्रेमात तोंडावर आपटल्याची गाणी लिहीत होता, तीही अडीच-तीन मिनिटांत, आणि समोरची व्यक्ती बाई की पुरुष हे बहुतेक वेळा मुद्दाम मोघम ठेवून. तो स्वतः बायसेक्शुअल होता. 'एव्हर फॉलन इन लव्ह' त्यातलंच, ब्रिटनच्या चार्टवर १२ व्या नंबरपर्यंत गेलं, आणि १९८७ मधे फाइन यंग कॅनिबल्स या बँडने केलं ते ९ वर. पुढे जी पॉप-पंकची लाट आली तिची चाल बरीचशी इथली आहे.

१९८१ मधे बँड मोडला, १९८९ मधे परत जमला, आणि १९९४ मधे निर्वाना या अमेरिकन बँडच्या शेवटच्या युरोप टूरमधे त्यांच्याआधी वाजला. शेली ६ डिसेंबर २०१८ ला एस्टोनियातल्या टॅलिनमधे गेला. त्यानंतर गायची जबाबदारी डिगलने घेतली आणि २०२२ मधे 'सॉनिक्स इन द सोल' हा अल्बम त्याच्याच आवाजात आला.